टर्म चालू असताना बहिणीच्या लग्नासाठी रजा घ्यायची आहे, जपानमधल्या एएलटींनी कृपया सांगा

रास्तापेठ_ते_ओकायामा

नमस्कार मंडळी, मी पुण्याची, सध्या ओकायामा प्रांतातल्या एका छोट्या गावात जेट प्रोग्रॅमवर, म्हणजे परदेशी लोकांना शाळांत आणणाऱ्या जपान सरकारच्या योजनेत, एएलटी म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर आहे. एक चूगाक्को म्हणजे आपल्याकडची सातवी ते नववी, आणि दोन प्राथमिक शाळा माझ्याकडे आहेत. या ऑगस्टला दुसरं वर्ष सुरू झालं.

प्रश्न असा की माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी ठरलंय, तुळशीची लग्नं झाल्यावरचा मुहूर्त आहे आणि कर्वे रोडचा हॉलही बुक झाला. करवली मी, दुसरी बहीण नाही, त्यामुळे न जाण्याचा प्रश्नच येत नाही. पण नोव्हेंबर म्हणजे इथे दुसरी टर्म अगदी जोरात चालू असते आणि मला पुण्याला जाऊन यायला शनिवार रविवार धरून आठवडाभर तरी हवाच, थेट फ्लाइट नाही, मुंबईला उतरून मग एक्सप्रेसवेने घरी. नेनक्यू म्हणजे पगारी रजा पुरेशी शिल्लक आहे. पण आमच्या स्टाफरूममध्ये टर्म चालू असताना सलग रजा घेतलेलं मी कोणालाच पाहिलेलं नाही, शिक्षक ताप असला तरी मास्क लावून येतात, आणि इथले इतर एएलटी म्हणतात की लांबची रजा फक्त नात्सुयासुमीत म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतच घ्यायची असते.

कोणी घेतली आहे का अशी रजा? आधी कोणाशी बोलायचं? शाळा नाही म्हणू शकते का? आणि मुलांचं नुकसान होतं का खरंच, हे मला सगळ्यात जास्त टोचतंय.

निवृत्त_बाई_सहकारनगर

बाळा, अभिनंदन बहिणीचं. मी पुण्यातच आयुष्यभर शाळेत शिकवलं, तेव्हा मोकळेपणाने सांगते. शिक्षकाने मोठी रजा सुट्टीतच घ्यावी असं माझं मत आहे. आम्ही घरची कार्यं मे महिन्यात नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत बसवायचो, कारण वर्ग दुसऱ्याकडे सोपवला की मुलांची घडी विसकटते आणि ती परत बसायला वेळ लागतो. तुमच्याकडे डिसेंबरअखेर सुट्टी असते ना? घरच्यांना विचारून बघ तेव्हाचा मुहूर्त मिळतो का. लग्न तुझ्या बहिणीचं आहे, तिलाही तू हवीच असणार, ती ऐकेल.

रास्तापेठ_ते_ओकायामा

बाई, विचारलं होतं मी, आणि तिथेच सगळं अडतंय. इकडची हिवाळ्याची सुट्टी साधारण २५ डिसेंबर ते ७ जानेवारी, म्हणजे नेमका धनुर्मास, मुलाकडचे त्या काळात अजिबात तयार नाहीत. उन्हाळ्याची सुट्टी जुलैअखेर ते ऑगस्टअखेर, तेव्हा आपला चातुर्मास. मार्चअखेरची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची आणि १ एप्रिलला इथे नवीन वर्ष सुरू होतं, बदलीचे शिक्षक येतात, त्यामुळे तेव्हा गायब होणं अजून अवघड. आणि आपल्याकडे मे महिन्यात धडाधड लग्नं असतात तेव्हा इथे गोल्डन वीकचे चार दिवस सोडले तर शाळा चालूच. म्हणजे जपानची शाळेची सुट्टी आणि आपले लग्नाचे महिने कुठेच जुळत नाहीत. ख्रिसमसला घरी जाणाऱ्या अमेरिकन एएलटीला हा प्रश्न पडतच नाही, म्हणून तर इथे विचारतेय.

औंधचा_माजी_एएलटी

मी जेटवर होतो, आता पुण्यातच असतो, सविस्तर लिहितो कारण हे प्रश्न दरवर्षी कोणाला ना कोणाला पडतातच.

पहिली गोष्ट, शाळा नाही म्हणू शकते का. नेनक्यू हा तुझा हक्क आहे, कोणी मेहेरबानी करत नाही. जपानच्या लेबर स्टँडर्ड्स कायद्याच्या कलम ३९ मध्ये पगारी रजा आहे, ती कधी घ्यायची ते कामगाराने सांगायचं आणि कामात खरोखर मोठी अडचण येणार असेल तरच मालकाने दुसरी तारीख सुचवायची. म्हणजे ते तारीख सरकवा म्हणू शकतात, रजाच नको असं नाही म्हणू शकत. कारण सांगणंही कायद्याने बंधनकारक नाही, १९७३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की रजा कशासाठी वापरायची ते कामगाराने ठरवायचं. पण तू कारण सांग! बहिणीचं लग्न आहे म्हटल्यावर वाईट वाटून घेणारा माणूस मला तरी तिथे भेटला नाही. उलट न सांगता नुसता "खाजगी कारण" लिहिलेला फॉर्म पुढे केलास तर तो स्टाफरूमला जास्त खटकतो.

दुसरी गोष्ट, तुझा करार काढ आणि रजेचं पान नीट वाच, जपानी आणि इंग्लिश दोन्ही. जेटमध्ये रजा प्रत्येक बोर्ड ऑफ एज्युकेशनची वेगळी असते, बहुतेक ठिकाणी वर्षाला १० ते २० दिवसांच्या मधे, त्यामुळे शेजारच्या गावातल्या एएलटीला काय मिळतं त्यावर जाऊ नकोस. किती शिल्लक पुढच्या वर्षात जाते, तासावर रजा मिळते का, हे सगळं तिथेच असतं. एप्रिल २०२० पासून बहुतेक एएलटींची नेमणूक आर्थिक वर्षाप्रमाणे म्हणजे मार्चअखेरपर्यंत होते आणि एप्रिलला पुन्हा, त्यामुळे काही ठिकाणी रजेचा हिशोबही मार्चला तुटतो, तेवढं ऑफिसात विचारून घे. आणि विशेष रजा म्हणून जी असते ती स्वतःच्या लग्नाला मिळते, बहिणीच्या नाही. जवळचं माणूस गेलं तर किबिकी नावाची वेगळी रजा असते, तिचे दिवस नात्यावर ठरतात.

आता मुख्य मुद्दा, मुलांचं नुकसान. बाईंचं म्हणणं मला मान्य आहे पण ते मुख्य शिक्षकाला लागू पडतं. एएलटी वर्गात एकटा नसतो, चूगाक्कोमध्ये जेटीई म्हणजे जपानी इंग्लिश शिक्षक असतो, धडा त्याचा, मार्क त्याचे, तू नसलीस तर तो वर्ग घेतो, वर्ग रिकामा राहत नाही. खरा फटका बसतो तो प्राथमिक शाळांना आणि तिथेच लक्ष दे. २०२० पासून पाचवी सहावीला इंग्लिश हा विषयच झाला आणि तिसरी चौथीलाही तास असतात, पण शिकवणारा असतो वर्गशिक्षक, त्यातल्या अनेकांना इंग्लिश बोलायचं टेन्शन असतं आणि ते एएलटीच्या दिवसाची वाट बघत असतात. तू जर एखाद्या शाळेत पंधरा दिवसांनी एकदा जात असशील आणि नेमका तोच दिवस बुडाला तर त्या मुलांना तू महिनाभर दिसणार नाहीस. त्यामुळे रजेचे दिवस ठरवताना आधी प्राथमिकचे दिवस वाचव, चूगाक्कोचे गेले तरी चालतात. एखादा प्राथमिकचा दिवस जातच असेल तर त्या शाळेला आधीच विचार की आदल्या आठवड्यात बदलून येऊ का, बहुतेक वेळा हो म्हणतात.

आणि शाळेचं वर्षाचं कॅलेंडर असतं ना, नेंकान ग्योजी, एप्रिलला सगळ्यांच्या टेबलावर येतं, ते समोर घेऊन बस. दुसऱ्या टर्मची किमात्सु म्हणजे शेवटची परीक्षा बऱ्याच चूगाक्कोमध्ये नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असते. परीक्षेच्या दिवसांत एएलटीला तास नसतात, दिवसभर टेबलाशी बसून राहायचं एवढंच. त्यात २३ नोव्हेंबरची सार्वजनिक सुट्टी. तुझी परीक्षा आणि ती सुट्टी तुझ्या आठवड्याच्या आसपास येत असेल तर तू जवळजवळ कोणाचाच तास न बुडवता पुण्याला जाऊन येशील.

चाकण_दुभाषी

वरचं सगळं बरोबर, फक्त कोणाशी आधी बोलायचं ते राहिलं. मी एएलटी नाही, चाकणला जपानी कंपनीत दुभाषाचं काम करते, पण रजा मागायची रीत ऑफिस काय शाळा काय तीच असते. थेट फॉर्म भरून हांको म्हणजे नावाचा शिक्का मारून क्योतो-सेन्सेईंच्या म्हणजे उपमुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवू नकोस. आधी तुझ्या जेटीईंशी निवांत वेळी बोल, शाळा सुटल्यावर, "नोव्हेंबरमध्ये असं असं आहे, या तारखा धरल्या तर तुम्हाला कुठले तास जड जातील" असं विचार, म्हणजे तू परवानगी मागत नाहीयेस आणि निर्णयही सांगत नाहीयेस, त्यांना हिशोबात घेतेयस. ते म्हणतील तसं थोडं इकडे तिकडे कर. मग क्योतो-सेन्सेई, मग बोर्ड ऑफ एज्युकेशनमधला तुझा सुपरवायझर, आणि सगळे हो म्हणाले की कागद शेवटी. कागद जाईपर्यंत सगळ्यांना आधीच माहीत असायला हवं, तिथे अचानक आलेली गोष्ट कोणालाच झेपत नाही. आणि आत्ता सप्टेंबरलाच बोल, ऑक्टोबर उजाडायची वाट बघू नको.

तिकीट मात्र होकार मिळेपर्यंत काढू नकोस, "तिकीट काढलंय म्हणून जावं लागेल" हे वाक्य फार वाईट पडतं तिकडे.

अजून एक म्हणजे लग्न तिकडे एका दिवसात आटोपतं, त्यामुळे आठवडा कशाला हा प्रश्न येणारच. त्यांना हळद, सीमांतपूजन, लग्न, नंतरची पूजा असं दिवसवार लिहून दाखव, करवलीने कुठे उभं राहायचं ते सांग, लोकांना खरंच ऐकायला आवडतं. माझे एक जपानी साहेब इथे सहकाऱ्याच्या लग्नाला आले होते तेव्हा अंतरपाट धरलेला असताना इतके मन लावून उभे होते की मंगलाष्टकं संपेपर्यंत हलले नाहीत.

नागोयावाला_हडपसर

जेटवाल्यांचं बरं असतं, मी डिस्पॅच कंपनीमार्फत एएलटी आहे, म्हणजे पगार कंपनी देते आणि शाळा फक्त जागा. कोणी आमच्यासारखे हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहितो, तुमचं गणित वेगळं आहे. कायद्याने सहा महिने सलग काम आणि ठरलेल्या दिवसांच्या ८० टक्के हजेरी झाली की वर्षाला १० दिवस मिळतात, त्याआधी काही नाही, म्हणजे एप्रिलला लागलात तर ऑक्टोबरपासून. त्यातले पाच दिवस तुम्हाला ठेवून उरलेले कुठल्या तारखांना घ्यायचे ते कंपनी कामगारांशी लेखी करार करून आधीच ठरवू शकते, आणि माझ्या आधीच्या कंपनीने ते ऑगस्टमध्ये शाळा बंद असताना टाकून दिले, म्हणजे ज्या दिवशी काम नव्हतंच त्या दिवशी माझी रजा संपली. मला याचा मनापासून राग आहे अजून. गरज पडली तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. त्यामुळे सही करायच्या आधी विचारा की किती दिवस तुम्ही ठरवणार आणि किती मी. आणि शाळेशी परस्पर बोलू नका, डिस्पॅचमध्ये आधी कंपनीच्या कोऑर्डिनेटरला सांगायचं, तो शाळेला सांगतो.

ताई, तुम्ही जेटवर आहात, तुमच्या करारातली रजा तुमची आहे, बिनधास्त घ्या. फक्त सगळी संपवू नका. आपलं घर लांब आहे, आईबाबांचं वय वाढत असतं, एक फोन येतो आणि निघावं लागतं. तेवढे दिवस बाजूला ठेवूनच बाकीचा विचार करा.

रास्तापेठ_ते_ओकायामा

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. नागोयावाले दादा, तुमचं वाचून आधी शिल्लक मोजली, मागे ठेवण्याइतकी उरते.

कॅलेंडर काढलं आणि एक बरी आणि एक वाईट गोष्ट कळली. बरी ही की किमात्सु लग्नाच्या आदल्या आठवड्यात संपतेय म्हणजे पेपर तपासणी आणि उत्तरं समजावणं चालू असेल, माझे तास तसेही कमी. वाईट ही की लग्नाच्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी केंक्यू-जुग्यो आहे, बाहेरच्या शाळांचे शिक्षक आणि बोर्डाचे लोक आमचा तास बघायला येणार, आणि त्या तासात माझ्या जेटीईंबरोबर मी आहे. आई म्हणते रविवारीच ये, केळवणं आहेत, बांगड्या भरायच्या आहेत. आता?

औंधचा_माजी_एएलटी

मंगळवार सोडू नकोस. हे मी हक्काबिक्काच्या गोष्टी लिहूनही सांगतोय. साधा तास तुझ्याशिवाय होतो पण केंक्यू-जुग्योची तयारी जेटीई महिनाभर आधीपासून करतात, मिनिटामिनिटाचा आराखडा छापून पाहुण्यांना वाटतात, त्यात तुझी वाक्यं लिहिलेली असतात. तारीख तुझ्या शाळेच्या हातात नसते, बाहेरचे लोक ठरलेले असतात. कायद्यात जी मोठी अडचण म्हणतात तिच्या जवळ जाणारी एएलटीच्या कामातली हीच एक जागा आहे. आणि तुझ्या जेटीईंनी वर्षभर तुला सांभाळलं असेल तर त्यांचा हा दिवस आहे.

मंगळवारी तास झाला की त्यानंतरची मीटिंग आटोपून निघ. ओकायामाहून शिन-ओसाका शिंकान्सेनने पाऊण तास, तिथून हारुका ट्रेनने कान्साई विमानतळ, बँकॉक किंवा सिंगापूरमार्गे रात्री उशिरा निघणारं काही मिळालं तर मंगळवारीच, नाहीतर बुधवारी सकाळी. गुरुवारी तू घरी असशील, शुक्रवारची हळद आणि सीमांतपूजन, शनिवारचं लग्न सगळं मिळतं. केळवणं बुडतील, हो. पण मग परतीला घाई करू नकोस, पूजा झाल्यावर नीट आईजवळ दोन दिवस राहून ये, पुढचा सोमवार मंगळवार रजेत घाल. जेटीईंना सांगताना हेच आधी सांग की तुमच्या तासाला मी आहे, त्यानंतर जाते. मला नाही वाटत त्यानंतर कोणी काही बोलेल.

निवृत्त_बाई_सहकारनगर

हे पटलं मला. मुहूर्ताचं तू सांगितलंस तेही बरोबर आहे, माझ्या लक्षात आलं नव्हतं की तुमच्या सगळ्या सुट्ट्या आपल्या वर्ज्य महिन्यांत येतात. मग टर्ममध्ये जाण्यावाचून इलाजच नाही. फक्त जायच्या आधी प्रत्येक वर्गासाठी थोडं काहीतरी करून ठेव, तुझ्या आवाजातलं वाचन रेकॉर्ड करून दे, मुलांना पुरतं तेवढं. आणि परत गेल्यावर लग्नाचे फोटो वर्गात दाखव, नवरीला हळद का लावतात हे त्या मुलांनी तुला इंग्लिशमध्ये विचारावं, दुसरा धडा कशाला हवा. आईला माझं सांग, केळवणाला बाकीच्या बायका असतात, करवली लग्नाला उभी राहिली म्हणजे झालं.

रास्तापेठ_ते_ओकायामा

बाई, फोटोंचं नक्की करते, सहावीच्या वर्गाला "माझ्या गावचे सण" असं काहीतरी शिकवायचंच होतं. आईशी बोलले, आधी जरा रुसली पण गुरुवारी येतेय म्हटल्यावर ठीक आहे म्हणाली. जेटीईंशी सोमवारी शाळा सुटल्यावर बोलते आणि इथे कळवते. जायच्या आधी कागदपत्रांचं काही करावं लागतं का? पहिल्या वर्षी मी जपानबाहेर गेलेच नाही.

चाकण_दुभाषी

दोन गोष्टी. बोर्डाला परदेशी जात असल्याचा एक फॉर्म लागतो का ते विचार, सरकारी नोकरीत बऱ्याच ठिकाणी लागतो, फ्लाइट आणि पुण्याचा फोन नंबर लिहून द्यायचा असतो. दुसरं, निघताना विमानतळावर री-एन्ट्रीचं छोटं कार्ड भरतात, त्यावर तू परत येणार आहेस या चौकोनात खूण करायला विसरू नको, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही दाखव. एक वर्षाच्या आत परत येणार असशील तर वेगळं परमिट काढावं लागत नाही, पण ती खूण राहिली तर व्हिसाचा घोळ होतो.

नागोयावाला_हडपसर

आणि येताना स्टाफरूमसाठी ओमियागे म्हणजे प्रवासाहून आणायचा खाऊ घ्यालच, सुटं सुटं पॅक केलेलं घ्या म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर एक एक ठेवता येतं. चिक्की चांगली चालते, बाकरवडीची छोटी पाकिटं पण, तिखट आहे एवढं सांगून ठेवा. मांसाचं काही आणि ताजी फळं, कढीपत्ता वगैरे नेऊ नका, तिकडे विमानतळावर अडवतात. दोन्ही प्राथमिक शाळांना वेगळी पाकिटं लागतील आणि एक बोर्डाच्या ऑफिसला, तुमची रजा तिथूनच मंजूर होते.